काळा बाकी आहे

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत सगळ्यांना सुट्टी रविवारीच असते असं नाही. विजेचा भार वाटून घ्यायला प्रत्येक भागाला वेगळा वार दिलेला, आणि सुगंधाची शेजारीण शकु काम करायची त्या गल्लीचा वार होता शुक्रवार. रोज कानठळ्या बसवणारी गल्ली त्या दिवशी एकदम मुकी व्हायची. चहाची टपरी बंद, हातगाड्या भिंतीला टेकवलेल्या, सगळी शटरं खाली. सुगंधा तिथे गेली ती अशाच एका शुक्रवारी, पंच्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत, दुपारी तीन वाजता. एक पोस्टर आणायला. काम म्हणाल तर एवढंच होतं.

पोस्टरं ती जमवायची. सिनेमाची नव्हे, चित्रांची. नव्या चित्रकारांची मूळ चित्रं घ्यायची तिची ऐपत नव्हती, पण त्यांच्या मोठ्या कागदावर छापलेल्या प्रती मिळायच्या. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी गॅलरीतून, परदेशी वाचनालयांतून, फोर्टच्या फुटपाथवरून ती त्या आणायची. अंधेरीच्या दोन खोल्यांत तिने अशी चाळीसेक जमवली होती. बारावीनंतर तिला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. वडील, गुणाजी घाडी, म्हणाले, चित्रं काढून कोणाचं पोट भरलंय. सगळ्या काका-मामांनी माना डोलावल्या आणि सुगंधा बी.ए. झाली. तेव्हापासून एखादं वडीलधारं माणूस सावकाश, समजुतीच्या सुरात बोलायला लागलं की तिला वाक्य संपेपर्यंतही थांबवत नसे.

श्यामकांत नाबर नावाच्या चित्रकाराचा सहा खोल्यांचा एक संच होता. सहा चित्रं, सहा रिकाम्या खोल्या, माणूस एकातही नाही. एकोणऐंशी साली त्यांची पोस्टरं निघाली. सुगंधाकडे पाच होती. सहावं कोणाकडेच नव्हतं. आणि मग शकुने, जी मरोळच्या प्रेसमध्ये बाइंडिंगला होती, सहज बोलता बोलता सांगितलं की तो गठ्ठा आमच्याकडेच धूळ खात पडलाय, आज ना उद्या रद्दीवाला नेणार.

"पाच आहेत ना तुझ्याकडे? मग सहाव्यासाठी एवढी काय मरतेस?" शटरचं कुलूप काढताना शकुने विचारलं.

"पाच आहेत म्हणूनच."

"धन्य आहेस बाई. आणि ऐक, ते पुरं छापलेलं पण नाहीये. तीनच रंग झालेत. काळा बाकी आहे."

एका रंगाच्या मशीनवर चित्र चार वेळा छापावं लागतं. आधी पिवळा, मग लाल, मग निळा, आणि सगळ्यात शेवटी काळा. या पोस्टरच्या हजार प्रतींना तीन रंग चढले आणि काळ्याच्या वेळी काम थांबलं ते थांबलंच. का, ते शकुला माहीत नव्हतं. ती तेव्हा कामाला नव्हती.

"कोपऱ्यात गठ्ठा आहे, एक काढून घे. मी गेटवरच्या वॉचमनशी गप्पा मारत बसते, नाहीतर तो फिरत इकडे येईल. बाहेरून कुलूप दिसायला पाहिजे, म्हणून शटर खाली घेते. घाबरशील काय?"

"मी? जा गं."

शटर खडखडत खाली आलं. कुलूप लागल्याचा आवाज आला. शकुच्या चपला दूर गेल्या.

आत रॉकेलचा, शाईचा आणि ओल्या डिंकाचा वास होता. मागच्या भिंतीत उंचावर एक जाळी होती, तिच्यातून येणारा उजेड फरशीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडला होता. मेन स्विचचा दांडा खाली ओढलेला, वीज बंद. टोकाला ताडपत्री घातलेलं मशीन, एखादं मोठं जनावर बसून राहावं तसं. सुगंधाने कोपऱ्यातला गठ्ठा शोधला, वरचा खाकी कागद फाडला आणि पहिली प्रत उजेडात धरली.

काळा नसल्यामुळे चित्र धुऊन काढल्यासारखं फिकं होतं. कशालाच सावली नाही, कडा नाहीत. तरी तिने ते ओळखलं. एक लांबट खोली, टोकाला मशीन, उंचावर जाळी, फरशीवर उजेडाचे पट्टे आणि समोर खाली ओढलेलं शटर. पहिल्या पाच चित्रांची छपाई बघायला नाबर इथे येऊन उभे राहिले असणार आणि सहावी खोली त्यांनी हीच काढली. तिला भारी गंमत वाटली. ज्या खोलीत ती उभी होती त्याच खोलीचं चित्र तिच्या हातात होतं.

मशीनच्या मागून कोणीतरी खोकलं.

"पार्टीकडून आलात?"

निळा, शाईने कडक झालेला ॲप्रन घातलेला एक म्हातारा माणूस होता. डोळ्यांवर जाड चष्मा, हातात चिंधी. सुगंधाचं काळीज लक्कन हललं, पण ते पकडले जाण्याच्या भीतीने. मालकाला कळलं तर शकुची नोकरी जाणार. छापखान्यात पार्टी म्हणजे गिऱ्हाईक, ज्याचं काम छापायचं तो. तिने फारसा विचार न करता सांगितलं, "हो. पार्टीकडून."

"बरं झालं. कोणीतरी आलं." तो खरोखर सुखावलेला दिसला. "मी राजाराम, मशीनमन. काळा काढून दाखवतो. बघा, आणि सही करून द्या."

"सही नको, मला एक प्रत दिलीत तरी..."

"तसं नसतं बाई." तेच ते समजुतीच्या सुरातलं, सावकाश बोलणं. "पार्टी मशीनपाशी उभी राहते. मी कागद काढतो. पार्टी बघते. पसंत पडला की कडेला ओके लिहून सही करते. मग तो कागद समोर ठेवायचा आणि बाकी सगळा माल त्याच्यासारखा काढायचा. सही झाली नाही तर काम मशीनवरच राहतं."

हे बोलत असतानाच त्याने ताडपत्री ओढली आणि मशीन सुरू झालं. हुश्श आणि टक, हुश्श आणि टक. हवेने कागद उचलला जायचा, आत ओढला जायचा, पलीकडे पडायचा. सुगंधाने भिंतीकडे पाहिलं. मेन स्विचचा दांडा खालीच होता.

मग तिला वाटलं, दुसरी लाइन असेल. असं आपण मनाला सांगतो.

राजारामने एक कागद उचलून टेबलावर ठेवला. काळा चढला होता आणि चित्र जिवंत झालं होतं. टेबलाखाली सावली आली, शटरच्या पट्ट्या उठल्या, कोपरे खोल गेले. फक्त शटरपाशी, अंगठ्याएवढा, एक काळसर डाग होता.

"इथे डाग आलाय," ती म्हणाली.

"डाग नाही तो. भिंग लावा." त्याने छोटं पितळी भिंग पुढे सरकवलं.

"मला दिसतंय."

"भिंगाशिवाय नाही दिसत. थांबा, दुसरा काढतो."

दुसऱ्या कागदावर डाग जरा मोठा होता. तिसऱ्यावर लांबट. राजाराम प्रत्येक वेळी चिंधीने छपाईची प्लेट पुसायचा, वाकून बघायचा, मान हलवायचा, पुन्हा कागद काढायचा. त्याला घाई म्हणून नव्हती. सुगंधा एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहिली. अर्धा तास कधीच होऊन गेला असणार. ती शटरपाशी गेली आणि फटीला तोंड लावून म्हणाली, "शकु... ए शकु." आवाज पुढे गेलाच नाही. उशीत तोंड खुपसून बोलावं तसा तो तिथेच विरला. बाहेर गल्ली असायला हवी होती. कावळा, विमान, काहीतरी. बाहेर काही नव्हतं.

"साहेब पण असेच सारखे शटरपाशी जायचे," राजाराम मागून म्हणाला.

"कोण साहेब?"

"नाबरसाहेब. तीन दिवस उभे होते इथे. म्हणाले, राजाराम, मी रिकामी खोली काढलीय, ह्यात माणूस आहे. मी प्रत्येक रंगाची फिल्म दाखवली, प्लेट दाखवली. कुठेच माणूस नाही. पिवळ्यात नाही, लालमध्ये नाही, निळ्यात नाही. माणूस काळ्यातच येतो."

"मग त्यांनी काय केलं?"

"सही केली नाही. सरळ निघून गेले. शहाणे होते."

"आणि तुम्ही?"

त्याने चष्मा काढून ॲप्रनला पुसला. "माझं काम मशीनवर चढलेलं होतं बाई. ते सोडून घरी कसं जाणार?"

हुश्श आणि टक. फरशीवरचे उजेडाचे पट्टे ती आली तेव्हा मशीनच्या पहिल्या पायापाशी होते. अजून तिथेच होते. आता तिला पोस्टर नको होतं, संच पुरा करायचा नव्हता. तिला फक्त त्या शटरच्या पलीकडे जायचं होतं.

"मी सही केली तर... शटर उघडेल?"

"काम पुरं झालं की ज्याचं त्याने घरी जायचं. पण बघितल्याशिवाय सही करू नये. काळ्यात काय आलंय ते भिंग लावून..."

"आणा इकडे पेन."

"बाई, ऐका, एकदा नीट..."

"आणा म्हटलं ना. आयुष्यभर ऐकतच आलेय मी तुम्हा लोकांचं."

तिने समोरच्या कागदाच्या कडेला ओके लिहिलं. खाली नाव, खाली तारीख.

राजारामने सही वाचली. खांद्यावरचं ओझं उतरल्यावर माणूस सोडतो तसा त्याने श्वास सोडला. ॲप्रन काढून खिळ्याला अडकवला, हात चिंधीला पुसले. "येतो बाई," म्हणाला आणि मशीनच्या मागे गेला. मशीनच्या मागे भिंत होती. सुगंधा जाऊन बघेपर्यंत तिथे फक्त भिंतच होती.

मशीनचा वेग मात्र वाढला. हुश्श-टक, हुश्श-टक, मग मध्ये खंडच नाही. कोपऱ्यातला गठ्ठा कोपऱ्यात नव्हता, मशीनवर चढला होता आणि कागदामागून कागद पलीकडे पडत होता. आणि प्रत्येक कागदाबरोबर खोलीत अंधार वाढत होता. संध्याकाळ होते तसा नव्हे. जाळीतला उजेड तसाच पांढरा होता, पण टेबलाखालची सावली घट्ट होत होती, कोपरे आत आत जात होते, शटरच्या प्रत्येक पट्टीखाली एक जाड काळी रेघ उठत होती. खोलीला काळा चढत होता. सुगंधाने सहीचा कागद गुंडाळून छातीशी धरला, धावत जाऊन शटरवर दोन्ही तळहात आपटले आणि शकुच्या नावाने ओरडली. पुन्हा आपटले, पुन्हा...

शटर वर गेलं. डोळ्यांत ऊन घुसलं.

"अगं, वेडी झालीस काय? गल्लीच्या तोंडापर्यंत पण नाही पोचले मी," शकु म्हणाली.

मशीनवर ताडपत्री होती आणि तिच्यावर बोटभर धूळ. सुगंधाने म्हाताऱ्याचं नाव सांगितल्यावर शकुचा चेहरा उतरला. तिने कुलूप लावलं आणि बसस्टॉपवर पोचल्यावर, तेही दुसरीकडे बघत, सांगितलं, "राजाराममामा मशीनवरच गेले, जुने लोक सांगतात. एकोणऐंशीला. हार्टने. काम चालू असताना."

घरी येऊन सुगंधाने दाराला कडी घातली, ट्यूब लावली आणि कागद खाटेवर उलगडला. भिंग तिच्याकडे नव्हतं, पण आता त्याची गरजच नव्हती. शटरपाशी डाग नव्हता. तिथे एक मुलगी होती, पाठमोरी, फुलाफुलांचा पंजाबी ड्रेस घातलेली, दोन्ही तळहात शटरवर टेकवून उभी. सुगंधाच्या अंगावर तोच ड्रेस होता.

रविवारी संध्याकाळी शकु आली. हजारच्या हजार प्रतींना काळा चढलाय, शाई ओली आहे, कोणी छापला ते कळत नाही, मालकाने विषय नको म्हणून गठ्ठा रद्दीवाल्याला देऊन टाकला, असं तिने एका दमात सांगितलं. सुगंधाने सहीचा कागद गुंडाळून खाटेखाली सारला. बघायचंच नाही, असं तिने ठरवलं होतं.

ते तीन आठवडे टिकलं. एका सकाळी आईने वाण्याकडच्या सामानाबरोबर आलेला एक जाड, गुळगुळीत कागद चुरगाळून बंबात घातला. सुगंधा तेव्हा बाहेर वेणी घालत होती. तिच्या हातातून फणी पडली. दोन्ही तळहात, मनगटापर्यंत, लाल होऊन टरारून फुगले. डॉक्टर म्हणाले, भाजलंय. कशाने, ते तुम्हीच सांगा. आईने बंबातून अर्धवट जळलेला तुकडा ओढून काढला, तेव्हा त्यावर शटरच्या पट्ट्या होत्या.

त्यानंतर तिला दुसरं काही सुचेना. प्रत्येक संध्याकाळी आणि प्रत्येक रविवारी ती त्या प्रती शोधत फिरू लागली. घाटकोपरच्या रद्दीच्या दुकानांतून, बोरिवलीच्या शाळकरी पोरांच्या वह्यांच्या कव्हरांतून, फरसाणवाल्याच्या पुड्यांतून, लाँड्रीच्या फळ्यांवरून. पूर्वी ती प्रत्येक चित्राची एक प्रत जमवायची, आता एकाच चित्राच्या सगळ्या. बाकीची चाळीस पोस्टरं भिंतीवरून उतरली, या प्रती आतल्या खोलीत साठू लागल्या. गुणाजी म्हणाले, पोरीला कोणाला तरी दाखवायला हवं. ती त्यांच्याशी भांडलीसुद्धा नाही.

आणि प्रती सारख्या नव्हत्या. ओके केलेल्या कागदासारखाच सगळा माल निघायला हवा, पण तसा तो निघाला नव्हता. एकीत मुलगी शटरपाशी उभी होती, दुसरीत खाली बसलेली, तिसरीत तिने फटीला तोंड लावलेलं. कुठल्याही प्रतीत तिचा चेहरा दिसत नव्हता. काही प्रतींत ती इतकी दमलेली वाटायची की सुगंधाला कागद खाली ठेवावा लागे. कुठल्यातरी एका प्रतीत शटर उघडं असेल, असं तिच्या मनाने घेतलं. ती मिळाली की सुटलो. दोघीही.

ती प्रत तिला मुलुंडला मिळाली, दिवाळीच्या आधी. एका शिंप्याने ती कापडाच्या फळीवर अंथरली होती. त्याला बदल्यात नवा ब्राऊनपेपर देऊन तिने ती सोडवून घेतली आणि दुकानाच्या पायरीवरच उलगडली. शटर हातभर वर उचललेलं होतं. खालून पिवळं, स्वच्छ ऊन आत आलेलं. आणि खोलीत कोणी नव्हतं. सुगंधाने बोट फिरवून पाहिलं, उन्हात धरून पाहिलं. रिकामी खोली, नाबरांनी काढली होती तशी. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिने पोटभर श्वास घेतला. रस्त्यात तिने उसाचा रस प्यायला, बसमध्ये खिडकी मिळाली, आणि घराचा जिना ती गुणगुणत चढली.

आई बाहेरच्या खोलीत मेथी निवडत बसली होती. तिने वर पाहिलं आणि तिचा हात थांबला.

"तू बाहेर कधी गेलीस गं?"

"म्हणजे? सकाळीच नाही का गेले."

"आत्ता तर आलीस. तासभर झाला. माझ्याशी एक अक्षर बोलली नाहीस, घटाघटा तांब्याभर पाणी प्यायलीस आणि आत जाऊन दार लावून घेतलंस." आईने आतल्या खोलीकडे पाहिलं आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "मी म्हटलं, दमली असेल... झोपू दे."

पाण्याचा तांब्या मोरीपाशी पडला होता. त्याच्या गळ्यावर पाच बोटांचे काळे ठसे होते, अजून ओले. सुगंधाने त्यांच्यावर आपली बोटं ठेवून पाहिली. बरोबर बसली.

ती आतल्या दारापाशी गेली. पलीकडे कागदांची सळसळ चालू होती. कोणीतरी एकेक प्रत उचलून बघत असावं आणि बघून झाल्यावर बाजूला ठेवत असावं. सुगंधाने दारावर दोन्ही तळहात टेकवले आणि हळूच हाक मारली. काय नावाने मारायची ते न सुचून तिने स्वतःचंच नाव घेतलं.

सळसळ थांबली. पावलं दारापर्यंत आली. मग कडी सरकली. लावली की काढली, ते तिला कळलं नाही.